शिंक आली की पाय आवळून उभं राहायचं... बाळंतपणानंतर हे असंच चालणार का?

चिऊची_आई
नमस्कार मंडळी. विषय जरा लाजिरवाणा आहे, कालपासून टाईप करून खोडतेय, आता टाकतेच.

मी इंदूरची, सुदामानगर. दुसरं बाळंतपण, नॉर्मल, टाके पडले होते. मुलगी आता आठ महिन्यांची आहे. बाकी तब्येत ठीक, पण शिंक, खोकला, जोरात हसणं किंवा मोठ्याच्या मागे पळणं, यातलं काहीही झालं की थोडी लघवी होते. आता तर पॅड लावल्याशिवाय घराबाहेर पडतच नाही. सव्वा महिन्याच्या चेकअपला डॉक्टरांना विचारलं तर "होतं असं, केगल करा" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. केगल म्हणजे नक्की काय आवळायचं, किती वेळ, कधी, काही नाही.

घरी सासूबाई म्हणतात पोट नीट बांधून घेतलं नाहीस म्हणून झालं. आई म्हणते मला तर अजून होतं, त्यात काय एवढं. आणि जिममधला ट्रेनर म्हणतो "मॅडम आपका कोर वीक है", म्हणून रोज क्रंचेस आणि प्लँक. क्रंच मारताना पोटाच्या मधोमध बेंबीच्या वर एक उभा उंचवटा येतो, तो दाखवला तर म्हणे चरबी आहे, जाईल.

तर कोणाचं ऐकू? पोट बांधायची वेळ गेली का? क्रंचेस चालू ठेवू का? आणि हे आपोआप बरं होतं की आईसारखं आयुष्यभर पॅड?

ताकभात
धागा काढल्याबद्दल आधी एक सलाम. आमच्या भिशीत दहा जणी आहेत, सगळ्या ट्रॅम्पोलिन पार्कमध्ये पोरांना सोडून बाहेर बसतात, "गुडघे दुखतात" म्हणून. आता कळलं कोणाचे गुडघे कुठे दुखतात ते.

भिया_बोले
बायकांचा धागा दिसतोय, उलट्या पावली जातो. जाता जाता, आमची ही पण मी विनोद सांगायला लागलो की हात करून थांबवते. मला वाटायचं माझे विनोद बोअर असतात.

ताकभात
@भिया, दोन्ही खरं असू शकतं.

रामबागच्या_काकू
बाळ, तुझ्या सासूबाई चूक सांगत नाहीत. आमच्या वेळी बाळंतिणीला मालिश झाली की जुन्या नऊवारीची पट्टी काढून पोट गच्च बांधायचे, वरून शेक, धुरी. जापेवाली बाई सव्वा महिना यायची. मला तीन मुलं झाली, तिन्ही नॉर्मल, पोट सुटलं नाही. आता तुम्ही दहाव्या दिवशी स्कूटी घेऊन पोराला डोस द्यायला निघता, जीन्स घालता, मग अंग कसं भरून येणार? डिंकाचे लाडू तरी खाल्लेस का गं?

डेस्कवरून
काकू, लाडू मी इतके खाल्ले की सेव-परमलचा डबा मागे पडला, तरी मला हाच त्रास आहे. आणि माझं सिझर झालंय! मला सगळ्यांनी सांगितलं होतं की सिझर म्हणजे खालचं सगळं जसंच्या तसं राहतं. मग मला का होतंय? शिवाय मला शिंकेचा कमी आणि दुसराच त्रास जास्त आहे, घराच्या दारात किल्ली लावली की इतकी जोरात लागते की चप्पल काढायची उसंत नसते.

बडोद्याची_पोर
मी बडोद्याहून. आमच्याकडे हा प्रॉब्लेम नवरात्रात उघडा पडतो. नऊ रात्री गरबा, त्यात उड्या, फेऱ्या, मध्ये कुठे जायचं नाही कारण गोलातून एकदा बाहेर पडलं की परत शिरता येत नाही. बाळ झाल्यावरच्या पहिल्या नवरात्रात मी चणियाचोळीच्या आत काळी लेगिंग आणि त्याच्या आत मोठा पॅड, असं करून गेले. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणे अगं मी पण!! एवढी वर्षं एकमेकींना सांगितलंच नव्हतं.

मणक्याची_मैत्रीण
मी फिजिओथेरपिस्ट आहे, इंदूरमध्येच विजयनगर भागात काम करते. जरा सविस्तर लिहिते. मात्र इथे वाचून कोणाचं निदान होत नाही हे धरून चाला.

आधी खाली आहे काय ते बघू. पुढच्या बाजूला जांघेच्या मधलं हाड आणि मागे माकडहाड, यांच्या मध्ये स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. तिच्यावर लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि शौचाचा शेवटचा भाग, असे तिघे बसलेले असतात. हाच पेल्विक फ्लोअर. नऊ महिने ही झोळी वजन पेलते, हार्मोन्समुळे तिथल्या ऊती सैल होतात, आणि नॉर्मल डिलिव्हरीत ती प्रचंड ताणली जाते. @डेस्कवरून, म्हणूनच सिझर झालं तरी सुटका नाही. धोका कमी होतो, शून्य होत नाही, कारण नऊ महिन्यांचं ओझं तर झालेलंच असतं.

खोकला आला की पोटातला दाब एकदम वाढतो आणि खाली येतो. झोळीने त्याच क्षणी वर उचलायला हवं. तिला उशीर झाला किंवा ताकद कमी पडली की गळतं. चिऊच्या आईला होतंय ते बहुतेक हे. दारात किल्ली लावली की लागते तो प्रकार वेगळा, त्यात पिशवीच नको तेव्हा आकुंचन पावते. दोन्ही एकत्रही असतात. दोन्हीत व्यायामाचा उपयोग होतो, पण दुसऱ्यात पिशवीला सवय लावणं हा जास्तीचा भाग असतो.

आता केगल. डॉ. अर्नोल्ड केगल हे अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ, त्यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम लिहून प्रसिद्ध केला. लोक एक गोष्ट विसरतात, त्यांनी "आवळा" सांगून बायकांना घरी पाठवलं नव्हतं. दाब मोजायचं एक साधन बनवलं होतं, बाईला काट्यावर दिसायचं की आपण बरोबर आवळतोय की नाही. तोच भाग आपल्याकडे गळून पडला. १९९१ मध्ये अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला, ४७ बायकांना फक्त तोंडी सांगून करायला लावलं. जेमतेम निम्म्या बायकांना नीट जमलं, आणि साधारण पाव बायका अशा पद्धतीने करत होत्या की गळणं वाढावं, म्हणजे वर उचलायच्या ऐवजी खाली जोर लावत होत्या.

करायचं कसं: पाठीवर झोपा, गुडघे वाकवून. चारचौघांत गॅस अडवतो तसं मागून सुरुवात करा, मग लघवी अडवतो तसं पुढे, आणि आत-वर ओढा. कुल्हे, मांड्या, पोट आवळायचं नाही, श्वास रोखायचा नाही. जमेल तितके सेकंद धरा, हळूहळू १० पर्यंत न्या. मग पूर्ण सोडा, जितका वेळ धरलं तितका वेळ तरी. सोडणं हा अर्धा व्यायाम आहे!! ब्रिटनच्या नाईस या संस्थेच्या मार्गदर्शनात दिवसातून ३ वेळा, प्रत्येक वेळी निदान ८, आणि किमान ३ महिने, तेही जाणकाराच्या देखरेखीखाली, असं आहे. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. आणि लघवी करता करता धार अडवून रोज प्रॅक्टिस करायची नाही, त्याने पिशवी पूर्ण रिकामी होत नाही.

पोटाचं आणि क्रंचेसचं उद्या लिहिते, पेशंट आलेत.

ताकभात
हा प्रतिसाद वाचता वाचता इथे किती जणी खुर्चीत ताठ बसल्यात, हात वर करा.

पळपुटी
✋

सुनबाई_जेलरोड
मी वाचताना केलं आणि भुवया वर गेल्या. भुवया पण त्याच स्नायूला जोडलेल्या असतात का?

मणक्याची_मैत्रीण
@सुनबाई, भुवया वर गेल्या, ओठ आवळले, कुल्हे उचलले, तर समजा की मदतीला सगळं शरीर बोलावलंय. कमी जोर लावा. थोडंसंच आत ओढलं गेलं तरी ते खरं.

रामबागच्या_काकू
हे सगळं योगात आधीपासून आहे. मूलबंध म्हणजे दुसरं काय? अश्विनी मुद्रा म्हणजे काय? अमेरिकेच्या डॉक्टरने १९४८ मध्ये सांगितलं म्हणून तुम्हाला पटलं.

पळपुटी
काकू, मूलबंध आहे, मान्य. पण आपल्याकडे तो बाळंतिणीला कोणी शिकवला? तुमच्या जापेवाल्या बाईने शिकवला होता का? मला कोणीच नाही. माझ्या योगा क्लासात सव्वा महिना झाल्या झाल्या थेट कपालभाती आणि नौकासन घ्यायला लावलं, पोट आत जावं म्हणून. खाली काय चाललंय त्याचं कोणाला देणंघेणं नव्हतं. पोट मात्र सगळ्यांना दिसतं, शेजारणीलासुद्धा.

रामबागच्या_काकू
नाही शिकवला. हे तुझं बरोबर आहे. आमच्या वेळी त्या जागेबद्दल बोलायचंच नाही असं होतं.

ग्वाल्हेरची_लेक
मला एक उलटी बाजू सांगायचीय. ग्वाल्हेरला माहेरी बाळंतपण झालं. मोबाइलवर बघून बघून मी केगलचा सपाटा लावला, भाजी चिरताना, बाळाला पाजताना, सिग्नलला. गळणं कमी होईना, उलट नवीन त्रास सुरू झाले. लघवीला बसलं की धार सुरूच व्हायला वेळ लागायचा, टाक्यांच्या जागी आत जळजळ, नवऱ्याजवळ जायची भीती वाटावी इतकं दुखायचं, बद्धकोष्ठ वेगळं. शेवटी दिल्लीत एका फिजिओकडे गेले, तिने तपासून सांगितलं की तुझे स्नायू अशक्त नाहीत, ते चोवीस तास आखडून बसलेत, थकलेत, आणि थकलेला स्नायू शिंकेच्या वेळी कामाला येत नाही. केगल पूर्ण बंद. त्याऐवजी श्वास. बालासनात बसून श्वास घेताना खालचा भाग मोकळा होऊ द्यायचा, भिंतीला धरून उकिडवं बसायचं, टाक्यांच्या जागेला हलका मसाज. कित्येक आठवडे फक्त हेच, मग हळूहळू ताकदीचे व्यायाम.

म्हणून सगळ्यांनी सरसकट केगल करा हा सल्ला मला अर्धवट वाटतो. दुखत असेल तर आधी तपासून घ्या.

मणक्याची_मैत्रीण
@ग्वाल्हेरची_लेक यांना हजारदा अनुमोदन. दुखणं, लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, संबंधांच्या वेळी वेदना, यांत स्वतःच्या मनाने केगल वाढवू नका. आणखी एक, अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन कमी असतं, त्याने मायांगात (योनीत) कोरडेपणा येतो, आग होते. ते स्नायूंचं नाही, डॉक्टरांना सांगितलं तर उपाय आहेत.

आता पोट. चिऊच्या आईने लिहिलेला तो उभा उंचवटा म्हणजे चरबी नव्हे. पोटाच्या मधोमध वरून खाली एक पट्टा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन उभे स्नायू. गर्भारपणात पट्टा ताणून रुंद होतो आणि स्नायू बाजूला सरकतात. बहुतेकींचा पहिल्या आठेक आठवड्यांत बराच जवळ येतो, मग वेग मंदावतो. घरी बघायचं तर गुडघे वाकवून झोपा, डोकं थोडं उचला, बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवा. दोन बोटांपेक्षा जास्त मावत असतील तर दाखवून घ्या. पण रुंदीपेक्षाही बोटाखाली ताण लागतो की बोट आत जातं, हे महत्त्वाचं.

उंचवटा येतोय याचा अर्थ एवढाच की तो व्यायाम आत्ता तुमच्या पोटाला झेपत नाही. क्रंचेस आयुष्यभर वर्ज्य नाहीत, आत्ता थांबवा. सुरुवात श्वासापासून: श्वास सोडताना खालून उचला आणि बेंबीखालचं पोट हलकं आत घ्या. मग झोपून एकेक टाच सरकवणं, सेतुबंधासन, गुडघ्या-हातांवर येऊन एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय लांब करणं. मुलीला उचलतानाही हाच नियम, उचलायच्या क्षणी श्वास सोडा. आपण सगळे नेमका तेव्हा श्वास धरतो आणि सगळा दाब खाली ढकलतो.

चिऊची_आई
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! काल रात्री दिवाणावर झोपून बोटं ठेवून बघितली, बेंबीच्या वर दोन बोटं आरामात, तिसरं अर्धं. नवरा विचारत होता काय शोधतेयस. आणि पोट बांधण्याचं राहिलंच की, सासूबाई शेजारी बसून विचारतायत "काय म्हणतात गं त्या?"

मणक्याची_मैत्रीण
सासूबाईंना नमस्कार सांगा. पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः सिझरनंतर, मऊ पट्ट्याने आधार वाटतो, कंबर कमी दुखते, चालताना टाक्यांना बरं वाटतं. त्याला माझी ना नाही. पण गच्च बांधलं की पोटातला दाब खाली जातो, म्हणजे ज्या जागेला जपायचं तिथेच. आणि बांधल्याने स्नायू जवळ येऊन ताकद येते असं होत नाही. बाळ आठ महिन्यांचं झाल्यावर तर त्याचा काही उपयोगच नाही. काकूंच्या काळचं जे खरं औषध होतं ते मला वाटतं सव्वा महिन्याची विश्रांती. कोणी पाण्याची बादली उचलू देत नव्हतं, कोणी धुणं सांगत नव्हतं. श्रेय सगळं पट्टीला मिळालं.

रामबागच्या_काकू
हे मात्र पटलं. मला तेव्हा सासूबाईंनी भांडंसुद्धा उचलू दिलं नव्हतं. तुम्हा पोरींना कोण आहे घरी.

बाबा_झालो
पुरुष आहे, हाकलू नका. बायकोची डिलिव्हरी होऊन महिना झालाय. मी काय करू शकतो ते सांगा.

ताकभात
सिलेंडर. गव्हाचं पोतं. गादी उलटणं. रात्रीचं बाळ. लिस्ट मोठी आहे, वही आण.

पळपुटी
आणि "कधी आधीसारखी होणार" हे विचारू नकोस. शिवाय तिला दिवसातून वीस मिनिटं बाळाशिवाय दे, दार बंद करून. व्यायाम सांगणारे खूप आहेत, तेवढा वेळ बाळ धरणारं कोणी नसतं.

बाबा_झालो
नोंद घेतली. वहीच आणली.

डेस्कवरून
माझ्या किल्लीच्या प्रॉब्लेमचं राहिलं. आणि मला अजून एक सवय आहे, बाहेर पडायच्या आधी लागलेली नसली तरी जाऊन येते. सराफ्यात रात्री खायला गेले तरी भुट्ट्याचा कीस नंतर, आधी टॉयलेट कुठे ते बघते. २०१७ पासून आपलं शहर स्वच्छतेत पहिला नंबर काढत आलंय, त्याचा पुरेपूर फायदा घेणारी मीच असेन.

भिया_बोले
ताई, तुमचा नकाशा महानगरपालिकेला द्या, पुढच्या सर्वेक्षणात कामाला येईल.

मणक्याची_मैत्रीण
@डेस्कवरून, "असू दे, जाऊन येते" हीच सवय मोडायची आहे. सारखं थोड्या लघवीला गेलं की पिशवी तेवढ्यालाच घंटा वाजवायला शिकते. दिवसाला साधारण ६ ते ८ वेळा जाणं ठीक. तीन दिवस वहीत लिहा, किती प्यायलात, किती वेळा गेलात. मग दोन वेळांतलं अंतर थोडं थोडं वाढवा. जोरात लागली की पळू नका, उभ्या जागी थांबा, भराभर चारपाच वेळा आवळून सोडा, श्वास घ्या, ती लाट ओसरते, मग शांतपणे चालत जा. पाणी कमी करू नका, लघवी घट्ट होऊन आणखी चाळवते. चहा मात्र मोजा. ऑफिसातले सगळे कप धरून.

आणि शिंकेसाठी एक युक्ती चिऊच्या आईला: शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की थोडं थोडं गळणाऱ्या बायकांना हे शिकवल्यावर आठवड्याभरातच खोकताना गळणं कमी झालं. ताकद यायला महिने लागतात, वेळ साधणं लवकर जमतं.

सुनबाई_जेलरोड
आमच्याकडे फोडणीत मिरची पडली की सगळं घर शिंकतं, प्रॅक्टिस भरपूर होईल.

मला एक विचारायचंय, जरा संकोच वाटतोय. माझं लघवीचं नाही, गॅसचं आहे. अडवताच येत नाही. पूजेला बसायची भीती वाटते.

मणक्याची_मैत्रीण
बरं झालं विचारलंत, हे कोणी सांगत नाही. तुमचं डिस्चार्ज कार्ड काढा आणि टाक्यांबद्दल काय लिहिलंय बघा. थर्ड किंवा फोर्थ डिग्री टेअर लिहिलं असेल तर फाटणं गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेलं होतं. कार्डावर काही नसलं तरी गॅस किंवा शौचावर ताबा नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट शब्दांत सांगा, गरज पडली तर त्या सोनोग्राफी सांगतील किंवा सर्जनकडे पाठवतील. यावर उपचार आहेत. कुंथू नका, पोट साफ ठेवा. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा वर येतात.

सुनबाई_जेलरोड
कार्ड सापडलं. लिहिलंय. मला कोणी सांगितलंच नव्हतं. उद्या अपॉइंटमेंट घेते.

एकसष्टी
मी फारशी लिहीत नाही, पण चिऊच्या आईची आई "त्यात काय एवढं" म्हणते ना, तिला हे वाचून दाखव. मी पण तेच म्हणत राहिले. पाळी गेल्यानंतर वाढत गेलं, संध्याकाळपर्यंत खाली जड वाटायचं, मग अंघोळीच्या वेळी हाताला गोळा लागायला लागला. अंग बाहेर येणं म्हणतात ते. सानंद संस्थेच्या नाटकांना जाणं सोडलं होतं मी, तीन तास बसवायचं नाही. एका डॉक्टरांनी गर्भपिशवी काढा म्हणून सांगितलं, दुसऱ्या डॉक्टरीणबाई आधी सिलिकॉनची रिंग बसवून बघू म्हणाल्या. आत बसवतात, अंग वर धरून ठेवते. मी स्वतः काढून धुवून परत बसवायला शिकले, आणि दर काही महिन्यांनी त्या तपासतात. सोबत व्यायाम, आणि त्यांनी दिलेलं एक क्रीम. परवा नाटकाला जाऊन आले, मध्यंतरात कचोरी पण खाल्ली. ऑपरेशन पुढे लागलंच तर करीन, पण घाईने नाही.

ताकभात
ताई, हा प्रतिसाद मी आमच्या भिशीच्या ग्रुपवर टाकतेय, नाव न घेता.

बडोद्याची_पोर
मला नवरात्राचं कोणीतरी सांगा. उड्या मारायच्या की नाही??

पळपुटी
उड्या आणि पळणं एकाच गटात. मी रेसिडेन्सी भागात सकाळी पळायचे, बाळ झाल्यावर घाई झाली होती. ब्रिटिश फिजिओंनी २०१९ मध्ये याबद्दल मार्गदर्शन लिहिलंय, डिलिव्हरीनंतर ३ महिन्यांच्या आत पळणं नको, आणि त्यानंतरही आधी तपासा: अर्धा तास भराभर चालता येतं का, एका पायावर १० सेकंद, जागच्या जागी १ मिनिट जॉगिंग, एका पायावर १० उड्या, आणि यातलं काहीही करताना गळणं, जडपणा किंवा दुखणं नाही ना. मी एका पायाच्या उड्यांना अडकले होते. तेवढ्यावर काम केलं, मग चालणं आणि पळणं आलटून पालटून. गरब्याला पण हेच लाव. पहिले काही दिवस दोन टाळी, उड्यांचे स्टेप्स नंतर.

रामबागच्या_काकू
आणि लाडू?

मणक्याची_मैत्रीण
लाडू खा काकू, फक्त सोबत पाणी आणि भाजी. नुसता डिंक, तूप, सुकामेवा आणि पालेभाजी "बाळाला बाधते" म्हणून बंद, की बद्धकोष्ठ आलंच, आणि कुंथलं की सगळा जोर पुन्हा खाली.

चिऊची_आई
अपडेट. फिजिओकडे जाऊन आले. (मैत्रीण यांच्याकडे नाही, घराजवळच्या.) तपासल्यावर म्हणाल्या की ताकद बरी आहे पण वेळेवर येत नाही, आणि फार सेकंद टिकत नाही. पोटाचं अंतर आहे पण खाली ताण लागतो, त्यामुळे चिंता नको. ट्रेनरला सांगितलं की क्रंचेस आणि बर्पी सध्या बंद, तो म्हणाला "फिर आप करोगी क्या?" मी म्हटलं श्वास घेईन. तोंड बघण्यासारखं झालं होतं.

शिंकेची युक्ती अर्ध्या वेळा जमते. अर्ध्या वेळा शिंक आधी येते. आईला एकसष्टी ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, ती काहीच बोलली नाही, पण संध्याकाळी फोन करून विचारलं की त्या फिजिओची वेळ काय असते.

डेस्कवरून
आत हात घालून तपासतात का? मी त्याच भीतीने जात नाहीये.

मणक्याची_मैत्रीण
तुमची परवानगी असेल तरच. फोन करतानाच विचारा: तपासणारी बाई आहे का, खोली वेगळी आहे का, सोबत कोणी बसू शकतं का, आतून तपासायचं नसेल तर बाहेरून किंवा सोनोग्राफीवर बघता का. मध्येच थांबवायचा हक्क तुमचा आहे. आणि पहिल्याच फोनवर कोणी "दहा सेशनमध्ये गॅरंटी" म्हणालं तर दुसरीकडे बघा.

ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, खूप रक्तस्राव, पोटरी सुजून दुखणं, लघवी होतच नसणं किंवा जांघेत बधिरपणा, यांसाठी मात्र आमची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल.

नवीन_पाहुणी
सगळा धागा वाचला. मला सातवा महिना लागलाय, पहिलंच. आत्तापासून काही केलं तर चालतं का, की नंतरच?

मणक्याची_मैत्रीण
आत्ताच सुरू करा, गर्भारपणात केलेल्या या व्यायामाने नंतर गळण्याचा धोका कमी होतो. डॉक्टरांनी काही मनाई केली नसेल ना, एवढं आधी विचारून घ्या. आवळणं जितकं शिकाल तितकंच सोडणंही शिका, डिलिव्हरीच्या वेळी सोडणंच कामाला येतं. साधारण ३५ व्या आठवड्यापासून मायांगाच्या खालच्या भागाचा मसाज कसा करायचा ते डॉक्टरांना विचारा, पहिलटकरणींना त्याचा फायदा होतो. आणि डिलिव्हरीनंतर डिस्चार्ज कार्ड घरी आलं की ते फाइलला लावायच्या आधी वाचा.